शाहू महाराजांचा दंड, मुक्काम म्युनिक

मे अखेरीस मामेबहिणीचं लग्न आहे. कार्यालय ठरलं, आचारी ठरला, लग्नाच्या पंगतीला तांबडा-पांढरा चालत नाही म्हणून आदल्या रात्रीचा वेगळा बेत ठरला. आमची तिकिटंही ठरल्यात जमा होती. अडचण एवढीच, की लग्न बुधवारी आहे आणि इथली फिंग्स्टनची, म्हणजे इस्टरनंतरच्या ख्रिस्ती सणाची, दोन आठवड्यांची सुट्टी त्यानंतरच्या शनिवारी सुरू होते. लेकीचे शाळेचे पाच दिवस बुडणार होते. तिसरीतल्या पोरीचे पाच दिवस! मी एक रीतसर अर्ज लिहिला आणि तो मंजूरच झाला असं धरून साड्या काढायला लागले.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंचं उत्तर आलं. नकार. अगदी जवळच्या नातेवाइकाचं लग्न असेल तर विचार करता येतो, चुलत-मामे भावंडं त्यात बसत नाहीत. आता यांना काय सांगायचं? आत्तेबहीण, मामेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण या सगळ्यांना एकाच शब्दात कोंबणारी ही भाषा. माझ्या बाळंतपणात सव्वा महिना आमच्या घरी राहिलेली मुलगी आणि वर्षातून एकदा ख्रिसमसचं कार्ड पाठवणारी कोणीतरी, दोघीही इथं 'कुझीनं'. मी भेटायला गेले. बाईंनी पाणी विचारलं, हसून बोलल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. 'तुमच्या मुलीला शाळेत येण्याचा हक्क आहे आणि तुम्हाला तिला पाठवण्याचं कर्तव्य आहे,' एवढंच.

याला इथं शूलफ्लिख्ट म्हणतात, शाळेची सक्ती. घरी शिकवतो म्हणायचीही सोय नाही. ऑफिसात रडगाणं गायले तर सहकारी म्हणाला, 'न विचारता जाऊ नको हं.' २०१८ मध्ये मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी याच फिंग्स्टनच्या सुट्टीआधी निघालेल्या कुटुंबांना गाठलं होतं. शाळकरी पोरं दिसली की चौकशी, आणि मग प्रशासनाकडे अहवाल. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात येतं तिथं, हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मी ऐकतच राहिले. आमच्याकडे 'पोटात दुखत होतं' अशी चिठ्ठी नेली की चार दिवस माफ होते. जत्रेला तर चिठ्ठीही लागत नव्हती, मास्तरच जत्रेत भेटायचे.

रात्री बाबांना फोन केला. बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. राधानगरी भागात जिल्हा परिषदेच्या शाळांवर बदल्या झेलत उमेदीची वर्षं घालवलेली. वाटलं, मुख्याध्यापिकाबाईंना चार शब्द सुनावतील. ते आधी मनापासून हसले.

'पोरी, शाहू महाराजांचा दंड तुला म्युनिकात बसला की!'

१९१७ चा हुकूम. शाळा फुकट आणि सक्तीची, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आई-बापाला महिन्याला एक रुपया दंड. कोल्हापूरच्या पोरांना हे पाठ असतं, कारण दर २६ जूनला भाषण करावं लागतं. मीही केलंय, दसरा चौकातल्या पुतळ्यापाशी, रिबिनी बांधून. पण त्या भाषणात दंडाचं वाक्य मी नुसतं म्हणून टाकायची. तो दंड भरणाऱ्या माणसाच्या बाजूनं कधी विचारच केला नव्हता. चिखलीच्या कुणा शेतकऱ्याचं सुगीत पोराविना अडलं असेल, त्यानंही 'पाच दिवस तर आहेत' असंच म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवशी अर्थात मी ऑफिसात छाती काढून सांगितलं, की तुमच्या पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार राज्यघटनेनं १९१९ मध्ये शाळा सक्तीची आणि मोफत केली, आमच्या राजानं त्याच्या दोन वर्षं आधी. सहकारी बव्हेरियाचा निघाला. म्हणाला, बव्हेरियात सक्ती १८०२ पासून आहे. झालं. मग मी दुसरा पत्ता टाकला. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत बसवायला लावलं. तुमच्याकडे पैसेवाल्यांच्या पोरांच्या पूर्वशाळा, म्हणजे वेगळ्या प्राथमिक शाळा, मोडून सगळ्यांना चार वर्षं एकाच शाळेत बसवण्याचा कायदा झाला १९२० मध्ये. इथं तरी एक वर्षानं आम्ही पुढे. तो म्हणाला, 'मग आज तुमच्याकडे सगळी मुलं एकाच शाळेत जात असतील.' मी कॉफी आणायला उठले.

कारण त्याच आठवड्यात आमच्या घरी याच विषयावरून भांडण पेटलं होतं. धाकट्या भावाचा मुलगा सहा वर्षांचा झालाय, जूनमध्ये पहिलीत जाईल. भावजयीनं सीबीएसईची एक शाळा बघून ठेवलीय. वर्षाला साठ-सत्तर हजार, बसचे वेगळे, गणवेश त्यांच्याच दुकानातून. ती फोनवर म्हणाली, 'ताई, मी काल बघून आलो. डिजिटल बोर्ड आहे, स्केटिंग आहे.' (आमच्याकडे बायकाही 'आलो-गेलो' म्हणतात. पुण्याच्या मैत्रिणी यावर हसायच्या, हसू देत.) भावाचा ओढा मात्र महापालिकेच्या जरगनगरच्या शाळेकडे.

जरगनगरचं कोल्हापूरबाहेरच्यांना खरं वाटत नाही. महापालिकेची मराठी शाळा आणि तिथं प्रवेशासाठी पालक पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात. शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत या शाळेची पोरं दिसतात, त्याला कारण पहाटेचे जादा तास. बाबाही खेड्यात ते घ्यायचे. अंधारातच शाळा उघडायची, कंदिलाच्या काचा पुसायला आम्ही पोरं. एक पैसा न घेता. पाडव्याला आमच्या वेळी पाटीपूजन व्हायचं, पाटीवर सरस्वती काढायची, साखरेची माळ गळ्यात घालून शाळेत जायचं. इथं पहिलीच्या पहिल्या दिवशी पोरांच्या हातात त्यांच्याच उंचीचा कागदी शंकू देतात, आत चॉकलेट आणि पेन्सिली. मी लेकीच्या शंकूत कोल्हापूरहून आणलेल्या साखरेच्या माळेतले चार मणी टाकले होते. ते तिनं खाल्ले नाहीत, दप्तराच्या कप्प्यात विरघळून गेले.

तर मी भावाच्या बाजूनं. आणि बाजू घेताना माझ्या अंगात आलं. म्हटलं, इथं बघा. पहिली ते चौथी कुठल्या शाळेत जायचं ते पत्त्यावरून ठरतं. आमच्या गल्लीचा जो भाग, त्याची जी शाळा, तीच. दुसरी हवी असेल तर खास अर्ज करायचा आणि त्याला तसंच कारण लागतं. माझ्या लेकीच्या वर्गात डॉक्टरची मुलगी आहे, आमच्या ऑफिसची झाडलोट करणाऱ्या बाईंचा मुलगा आहे, सीरियातून आलेली दोन भावंडं आहेत. पुस्तकं शाळेची, वर्षअखेरीला परत द्यायची. मुलीनं पुस्तकावर पेन्सिलीनं फूल काढलं तर मला खोडरबर घेऊन बसावं लागतं. सगळी पोरं चालत येतात, आणि वर्गात शिरताना बूट काढून घरातल्या चपला घालतात, म्हणजे कुणाचे बूट किती महाग ते तासाला दिसतच नाही. दप्तरं दिसतात. दोनशे युरोंच्या वरची. त्यात मी गप्प बसले, आम्हीही घेतलंय.

आणि यांच्या राज्यघटनेत लिहिलंय, कलम ७. खासगी शाळा काढा, पण आई-बापाच्या ऐपतीवरून पोरांची वर्गवारी होता कामा नये. प्राथमिक शाळेसाठी तर अटी आणखी कडक. हे कलम मी भावाला वाचून दाखवलं. आपल्याकडे काय, २००९ च्या कायद्यानं खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब पोरांना ठेवल्या, तर २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनंच पळवाट काढली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला त्या जागा द्यायला नकोत. जुलैत उच्च न्यायालयानं ते रद्द केलं म्हणून बरं. मी बोलत सुटले. भावानं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, 'ताई, तुझ्यापुढं ताट एकच आलं, म्हणून तू पंगतीचं कौतुक करतीयास.'

हे लागलं. लागलं कारण खरं होतं, आणि त्याला माहीत नाही तेवढं खरं होतं. लेक पाच वर्षांची असताना मी इथल्या आंतरराष्ट्रीय शाळांच्या फिया बघितल्या होत्या. वर्षाला वीस हजार युरोंच्या वर. नवऱ्याच्या कंपनीनं भरल्या असत्या तर मी कलम ७ वाचलंही नसतं. कंपनीनं नाही म्हटलं, मग आम्हाला सरकारी शाळेचं महत्त्व पटलं. अर्थात पटलं ते पटलंच. मुलगी जर्मन फाडफाड बोलते, शेजारच्या आजी तिला एकटीला ब्रेड आणायला पाठवतात. इंग्रजी बुडबुड्यात वाढली असती तर हे झालं नसतं, असं मी सगळ्यांना सांगते.

भावजयीचं म्हणणं वेगळंच होतं आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'ताई, तुम्ही पालिकेच्या शाळेत शिकलात, पण तुम्ही मास्तरांची पोरगी होता. घरी शिकवायला माणूस होतं. आणि अकरावीला सायन्सच्या वर्गात इंग्रजी कळेना म्हणून किती रडला ते तुम्हीच सांगितलंय. मला त्याला रडवायचं नाही.' जरगनगरलाही सेमी आहे, गणित इंग्रजीत असतं, असं भाऊ म्हणाला. ती म्हणाली, पुस्तक इंग्रजीत असतं, बोलणं नव्हे.

सगळ्यात गंमत बाबांची. मी म्हटलं, बाबा, तुम्ही सांगा तिला, तुम्ही सरकारी मास्तर. बाबा म्हणाले, खासगी शाळेची पहिल्या वर्षाची फी मी भरणार आहे. पेन्शनमधनं. मी थक्क. 'बाबा, आम्हाला तर तुम्ही...'

'पगार सरकारचा खात होतो, म्हणून तुम्हाला सरकारी शाळेत घातलं. तवा लाज वाटली असती. आता पेन्शन माझी हाय.'

पुढे म्हणाले, त्यांच्या शेवटच्या शाळेत दोन शिक्षकांवर चार इयत्ता होत्या. जनगणना आली की मास्तर बाहेर, निवडणूक आली की मास्तर बाहेर, वर ऑनलाइन माहिती भरायची. 'पोरांसमोर मी किती तास हुतो ते मला ठावं.' हे सांगताना ते हसत नव्हते. ज्या माणसानं कंदिलावर जादा तास घेतले, त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर माझं कलम ७ कुठं ठेवू असं झालं.

आता इथल्या पंगतीचंही सांगते, नाहीतर भाऊ म्हणेल ताईनं लपवलं. ही एकत्र पंगत चौथीपर्यंतच. चौथीत मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रगतिपुस्तक मिळतं. जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी काढतात. इथं १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाजियुम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे मधली, त्याच्या पलीकडे मिटेलशूल, म्हणजे लवकर कामधंद्याकडे नेणारी. चाचणी देऊन वर चढायची सोय आहे, पुढेही वाटा आहेत, असं सगळे समजावतात. पण दहा वर्षांच्या पोरांना कळतं कोण कुठल्या ताटावर बसलं. झाडलोटीच्या बाईंचा मुलगा जर्मनमध्ये अडखळतो. त्याच्या आईनं मला विचारलं, तुम्ही शिकवणी लावलीय का? लावलीय. दर गुरुवारी. हे मी कोल्हापुरात कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना गिम्नाजियुम शब्द सांगितला तर म्हणाले, 'म्हंजे तालीम का? मग पाठव की, मंगळवार पेठेचं नाव काढंल.'

लेक सप्टेंबरात चौथीत जाईल. तिचं गणित चांगलं आहे, जर्मन निबंधाला मागच्या वेळी ३ मिळाले. त्या रात्री मी एका मॉन्टेसरी शाळेचं माहितीपत्रक उतरवून घेतलं. गुण नाहीत, सरासरी नाही, महिन्याला काही शे युरो. खासगी आहे. नुसतं उतरवून घेतलंय.

पाडव्याच्या आदल्या रात्री भावानं जरगनगरच्या रांगेतून फोटो पाठवला. सतरंजी, थर्मास, मागे कुणीतरी मफलर गुंडाळून झोपलेलं. सकाळी नंबर लागला. त्याआधीच भावजयीनं सीबीएसईवाल्यांकडे दहा हजार भरून जागा धरलीय, ते परत मिळत नाहीत. दोन्ही पावत्या फ्रिजवर एकाच चुंबकाखाली आहेत. जूनपर्यंत वेळ आहे, असं दोघंही म्हणतात. भाच्याला विचारलं तर म्हणाला, ज्या शाळेला रिक्षावाले मामा येतात तिथं जाणार, बसमध्ये उलटी होते.

आमची तिकिटं शनिवारची काढली. लग्न बुधवारी लागेल, आम्ही रविवारी पोचू, पाचपरतावणाच्या जेवणाला. तांबडा-पांढरा तेव्हा पुन्हा करू, असं मामी म्हणालीय.