शेवटची पाळी

झोपायचं सोडून थ्री-कुशन बिलियर्ड्सची उपांत्य लढत बघत बसलो. हा कॅरम बिलियर्ड्सचाच एक प्रकार, पण सोंगट्या नाहीत आणि टेबलाला खिसेही नाहीत! चेंडू तीनच. आपला चेंडू बाकी दोघांना लागायला हवा आणि दुसऱ्याला लागायच्या आत किमान तीनदा कडेला आपटायला हवा. मग कुठे एक गुण.

पहिल्या खेळाडूने ५० गुण गाठले. मला वाटलं, संपलं. पण सुरुवात त्याची होती, म्हणून दुसऱ्याला बरोबरीची एक पाळी. तो ४७वर. चेंडू पुन्हा सुरुवातीच्या जागी मांडले. ४८. ४९. पुढच्या फटक्यात त्याचा चेंडू रेंगाळत रेंगाळत लालपाशी आला, थांबलाच म्हणेपर्यंत लाल केसभर हलला.

मी एवढ्या जोरात ओरडलो की अख्खं घर जागं झालं. टायब्रेकर बोलणी खात पाहिला.