तुम्ही विचारलंत म्हणून: फाइल बाहेर जात नाही, कशावरून?

फोटो लहान करणं, पीडीएफ जोडणं, आधारचा नंबर झाकणं अशी छोटी टूल्स मी बनवते. ती सगळी ब्राउझरमध्येच चालतात, तुमची फाइल तुमच्या फोनवरून हलत नाही. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कशावरून?" प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे.

सुरुवात मावसबहिणीच्या बँकेच्या परीक्षेपासून झाली. आयबीपीएसच्या अर्जाला फोटो २० ते ५० केबीत बसवावा लागतो, सही १० ते २० केबीत. मोबाइलवर काढलेला फोटो चार एमबीचा. सर्चमध्ये जी साइट पहिली आली तिच्यावर तिने फोटो टाकला, मग सही, मग त्याच ओघात डाव्या अंगठ्याचा ठसा. मी शेजारी बसून त्याच लॅपटॉपवर ब्राउझरचा नेटवर्कचा टॅब, म्हणजे पान काय मागवतं आणि काय पाठवतं ते दाखवणारी खिडकी, उघडून बघत होते. तिन्ही फाइली एकामागून एक कुठल्यातरी सर्व्हरवर चढत होत्या. चेहरा, सही आणि अंगठा, एकाच मुलीचे, एकाच ठिकाणी. माझ्या पोटात गोळा आला.

आणि हे काम साध्या फोनलाही जमतं. ब्राउझर फाइल वाचतो, कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या कोऱ्या पाटीवर, २०० बाय २३० पिक्सेलमध्ये चित्र पुन्हा काढतो आणि त्याची जेपेग करतो. जेपेगचा दर्जा ० ते १ मध्ये सांगता येतो. माझं टूल आधी ०.५ ने करून बघतं. फाइल मोठी झाली तर ०.२५, फारच लहान झाली तर ०.७५, मग उरलेल्या पट्ट्याचा पुन्हा मध्य. सात-आठ फेऱ्यांत आकडा हवा तिथे येतो. चित्र नव्याने काढलेलं असल्यामुळे मूळ फोटोत दडलेलं लोकेशनही गळून पडतं, हा मला सगळ्यात आवडणारा भाग.

आता कशावरून ते. पान पूर्ण उघडलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मग फोटो निवडा. काम झालं, म्हणजे सर्व्हर लागला नाही. पण एवढ्यावर थांबू नका. एखादं पान फाइल ब्राउझरच्या साठ्यात ठेवून घेऊन नेट परत आल्यावर पाठवू शकतं. म्हणून ही परीक्षा इनकॉग्निटोमध्ये करा आणि तिथले सगळे टॅब बंद करून मगच नेट चालू करा. टॅब बंद झाले की तो साठा पुसला जातो.

माझ्या बाजूने मी आणखी एक कडी घालते. पानासोबत कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी नावाची सूचना जाते: या पानाला बाहेर कुठेही काही पाठवू देऊ नकोस. नुसती कनेक्शनं बंद करून भागत नाही, बाहेरून चित्र मागवण्याच्या आणि फॉर्म भरण्याच्या वाटेनेही माहिती निसटते, त्याही बुजवाव्या लागतात. त्यामुळे जाहिराती नाहीत, कोण काय करतं ते मोजणारं ॲनालिटिक्स नाही. पान किती वेळा उघडलं गेलं एवढं होस्टिंगच्या, म्हणजे पान जिथे ठेवलंय त्या सर्व्हरच्या, नोंदीत दिसतं. आत कुणी काय केलं ते मला कळत नाही आणि कळायलाही नको.

आधार झाकण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे मी स्वतः चुकले होते. पहिल्या आवृत्तीत मी पीडीएफवर काळी पट्टी ओढायचे. दिसायला छान. पण पट्टीखालचा मजकूर फाइलमध्ये तसाच होता; सिलेक्ट करून कॉपी केला की बाराच्या बारा आकडे हातात. हे एका ताईंनी दाखवून दिलं तेव्हा ते टूल त्याच दिवशी काढून टाकलं. आता आधी पीडीएफच्या पानाचं चित्र होतं, पट्टी त्या चित्रावरच रंगते आणि त्यातून नवी पीडीएफ बनते. फाइल बहुधा जड होते, आणि कमी रॅमच्या फोनवर मोठी पीडीएफ घेतली की टॅब बंद पडायचा, म्हणून एका वेळी एकच पान हाताळते. वेळ लागतो, लागू दे.

मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या साइटवरून थेट उतरवता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. समोरच्याला ते चालत असेल तर तेच द्या, माझ्या टूलची गरजच नाही.