अर्धवट पेरलेलं शेत

देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. लहानपणापासूनचा ओळखीचा आवाज. पण परवा बारावीच्या मुलांना विल्फ्रेड ओवेन या पहिल्या महायुद्धात लढलेल्या इंग्रज कवीची ‘फ्युटिलिटी’ (व्यर्थता) ही कविता वाचून दाखवत होते आणि नेमका तेव्हाच धडाका झाला. मी थांबले.

चौदाच ओळींची कविता, १९१८ सालची. बर्फात निपचित पडलेला सैनिक. कवी म्हणतो, त्याला हलकेच उन्हात न्या. घरी असताना ऊनच त्याला उठवायचं, अर्धवट पेरलेल्या शेताबद्दल कानात कुजबुजायचं. बियाण्याला जागं करणारा सूर्य याला का नाही उठवणार? आणि शेवटी, याचसाठी का माती माणूस होऊन उभी राहिली? कवितेत ना शत्रू, ना झेंडा.

सिन्नरकडचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमचा दादा सुट्टीवर आला की आधी कांद्याच्या रानातच जातो.” दादा जम्मूला आहे. वर्गात कुणीच काही बोललं नाही. इतकी वर्षं शिकवूनही मला ही कविता एवढी जवळून दिसली नव्हती.

ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला, पंचविशीत. आठवड्याने युद्ध थांबलं. घंटा वाजत होत्या त्याच दिवशी आईच्या हाती तार पडली. हे सांगताना माझा आवाज दरवेळी अडखळतो. माझा मुलगाही पंचवीसचाच आहे.

तास संपल्यावर त्या मुलाने दादाला पाठवायला कवितेचा मराठी अर्थ मागितला. रात्री लिहायला बसले. शेताच्या ओळीपाशी अजून अडले आहे.