पोस्टग्रेसमधली टेबलांची नावे स्मॉल अक्षरांत आणताना

गोदामाच्या हिशोबाचे आमचे सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेण्याचे काम माझ्याकडे होते. डेटा विनातक्रार पोचला, घोडे अडले ते नावांपाशी. यादीत ऑर्डर्सचे टेबल दिसत होते, पण क्वेरी (डेटा मागवणारी आज्ञा) चालवली की असे टेबलच नाही म्हणून एरर.

अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले नाव पोस्टग्रेस आधी स्मॉल अक्षरांत बदलते आणि मग शोधते. (क्वेरी जिच्यात लिहितात त्या एसक्यूएल भाषेच्या प्रमाणानुसार ते कॅपिटल व्हायला हवे. ओरॅकल हा डेटाबेस तसेच करतो, पोस्टग्रेस उलट.) दुहेरी अवतरणांतले नाव मात्र जसेच्या तसे राहते. रूपांतराच्या टूलने जुनी नावे जपण्यासाठी सगळी टेबले अवतरणे लावूनच तयार केली होती. पहिले अक्षर कॅपिटल असलेले टेबल आत, आणि क्वेरी शोधतेय सगळी अक्षरे स्मॉल असलेले! एसक्यूएल सर्व्हरवर हे कधी जाणवले नव्हते, कारण तिथे नावांची तुलना कोलेशनवर, म्हणजे अक्षरांच्या तुलनेच्या नियमांवर, ठरते आणि आमचे कोलेशन कॅपिटल-स्मॉल असा भेद करत नव्हते.

टीममध्ये काहींचे म्हणणे होते, क्वेऱ्यांमध्येच अवतरणे घालू. मी ठाम विरोध केला. मग रिपोर्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती कायम सांभाळत बसावी लागली असती. त्यापेक्षा नावेच एकदा स्मॉल अक्षरांत, अंडरस्कोर देऊन, बदलून टाकणे मला रास्त वाटले.

सिस्टिम कॅटलॉगमधून, म्हणजे डेटाबेस स्वतःच्या टेबलांची नोंद ठेवतो तिथून, कॅपिटल अक्षरे असलेली टेबले आणि कॉलम शोधून काढले. बदलल्यावर दोन नावे सारखी होत नाहीत ना, हे आधी पाहिले. मग नाव बदलणाऱ्या ऑल्टर टेबलच्या कमांड क्वेरीनेच तयार करून घेतल्या. त्यासाठीच्या फॉरमॅट फंक्शनमधला टक्के-आय (नाव कुठे भरायचे ते दाखवणारी खूण) गरज असेल तिथे अवतरणे आपणहून लावतो. पोस्टग्रेसमध्ये या कमांडही ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे बदल एकत्र पक्के किंवा रद्द करता येतील अशा, चालतात, त्यामुळे सगळे चालवून, तपासून, रोलबॅक करता (पूर्ववत करता) येत होते. या सोयीमुळे मी निर्धास्त होतो. नाव बदलताना डेटाला हात लागत नाही, फक्त कॅटलॉगमधली नोंद बदलते. तरी तेवढ्या वेळेपुरते टेबल पूर्ण लॉक होते, म्हणून प्रत्यक्ष बदल रात्री केला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो व्ह्यू आणि फंक्शन्सनी. व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी, साठवलेली क्वेरी) टेबलाला नावाने नव्हे, अंतर्गत क्रमांकाने ओळखतो, म्हणून तो मोडत नाही. पण त्याच्या स्वतःच्या कॉलमांची नावे जुनीच राहतात, ती वेगळी बदलावी लागतात. पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेतल्या फंक्शनचा मजकूर तर साध्या टेक्स्टसारखा साठवलेला असतो. त्यातली जुनी नावे तशीच राहतात आणि फंक्शन चालवेपर्यंत काही कळत नाही. इथे पीएल-पीजीएसक्यूएल-चेक हे एक्स्टेन्शन फार उपयोगी पडले, कारण फंक्शन न चालवताच ते नसलेली टेबले-कॉलम दाखवते. ज्या फंक्शनमध्ये क्वेरी स्ट्रिंग जोडून तयार होत होती, तिथे मात्र मी स्वतः ओळ न् ओळ वाचली.

मग ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये जिथे जिथे कॉलमच्या नावाने व्हॅल्यू उचलली होती, ती ठिकाणे बदलली. आता कॅटलॉगमध्ये एकही कॅपिटल अक्षराचे नाव सापडले, तर आमचे बिल्ड (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार होणे) थांबते.