उणे चिन्ह राहून गेलं

त्या दिवशी सकाळपासून माझ्या स्क्रीनवर पृथ्वी जसजशी तापत होती, तसतशा हिवाळी रात्री जास्तच गोठत होत्या. आणि दुपारपर्यंत मला ते खरंही वाटत होतं.

एका पाणीपुरवठा कंपनीचा प्रश्न होता : १९६२-६३ सारखी थंडी आता पडेल का? तो हिवाळा मध्य इंग्लंडच्या तापमान-मालिकेत सरासरी उणे ०.३ अंशांचा. मालिका १६५९ पासूनची, पण रोजच्या किमान तापमानाच्या नोंदी १८७८ पासून. दर हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र, असा वर्षाला एकच आकडा घेतला.

टोकाच्या घटनांची सूत्रं कमाल मूल्यांसाठी लिहिलेली असतात. म्हणून किमान तापमानाला आधी उणे एकने गुणायचं, नोंदींवर शक्यतेचा वक्र बसवायचा आणि शेवटी सगळं परत उलटवायचं. जागतिक तापमानाबरोबर वक्र किती सरकतो, तो गुणकसुद्धा. मी बाकी सगळं उलटवलं, गुणक तेवढा राहिला, म्हणून पृथ्वी तापली की रात्री गोठताना दिसत होत्या.

एरवी अशी चूक मला पाच मिनिटांत दिसते. पण आर्क्टिक तापल्यामुळे जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून पश्चिमेकडून वाहणारा वेगवान वारा, नागमोडी होतो आणि थंडी दक्षिणेकडे घसरते, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठल्यापासून इतक्यांदा वाचलं होतं की माझा आलेख मला ओळखीचा वाटला. त्या मुद्द्यावर संशोधकांत अजून वाद आहे, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत असते!

सहकाऱ्याने आलेख पाहिला. एरवी तो मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. म्हणाला, "अगं, वारा उत्तरेचाच, पण ती उत्तर पूर्वीची राहिलीय कुठे?" १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय. तिथून येणारी हवाच आधीसारखी गार नाही. मी कोड उघडला.

दुरुस्तीनंतर तशा रात्रीची शक्यता बरीच घटली. शून्य मात्र झाली नाही. डिसेंबर २०१० मध्य इंग्लंडमध्ये सरासरी उणे ०.७ अंश होता, १८९० नंतरचा सर्वांत थंड डिसेंबर. आणि जगाच्या हिशेबात तेच २०१० तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षांत मोडत होतं. हे अहवालात पहिल्याच पानावर लिहिलं. शिवाय, वर्षाला १ टक्का शक्यता म्हणजे पाइपच्या ३० वर्षांच्या आयुष्यात साधारण २६ टक्के, हेही मांडलं, कारण 'शंभर वर्षांतून एकदा' म्हटलं की लोक पुढची नव्याण्णव वर्षं निर्धास्त होतात.

संध्याकाळी कंपनीचा मेल आला : "शक्यता कमी झाली आहे, तर पाइप कमी खोल पुरले तरी चालतील ना?"

चुकीचा आलेख पाठवला असता तर पाइप खोलच गेले असते. तीन दिवस झाले, उत्तर ड्राफ्टमध्येच पडून आहे.