तान्ह्या पोळ्याचा तो फोटो
नागपूरच्या महाल भागातलं एक कुटुंब दरवर्षी तान्ह्या पोळ्याला माझ्या स्टुडिओत येते. आई, बाबा, पोरगी, तिचा धाकटा भाऊ अन् लाकडी बैल. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासून हा सण इथे चालत आला आहे, त्या दिवशी पोट्टे नटूनथटून बैल ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागत फिरतात. पहिल्यांदा आले तेव्हा पोरगी 5 वर्षांची होती. वाटेत बैलाचं चाक निखळलं, ती नऊवारीतच बैलाला मिठी मारून रडत बसली, काजळ पार गालावर, बाबा चाक बसवून राहिले होते अन् मी तेवढ्यात एकच फ्रेम घेतली. 20 बाय 30 इंचांचा कॅनव्हास करून दारासमोर लावला. लोक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, असा काढून द्या.

यंदा ती 14 ची. बैल तेव्हा तिच्या कमरेला लागत होता, आता मांडीलाच.

या वयाच्या पोरांना 'स्माइल' म्हटलं की संपलं, चेहरा बंद होतो. मी हाताला काहीतरी काम देतो, बैलाची दोरी धर, भावाची टोपी नीट कर, अन् कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो, वरून काढला की पोरगं पुन्हा लहान दिसते अन् ते त्यांना बरोबर कळते. चार जण मागेपुढे, सगळे स्पष्ट यावेत म्हणून लेन्सचं छिद्र f/5.6 वर. अंगणात ढगाळ उजेड होता, तो फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या सॉफ्टबॉक्सपेक्षा छान, आत फ्लॅशवर घेतला तर दातांच्या ब्रेसेसच्या तारा चमकतात. आईनं तेवढ्यात विचारलंच, "तारा अन् पिंपल्स काढून टाकाल ना?" पोरीनं ओठ मिटले ते मिटलेच. माझा नियम आहे, पंधरा दिवसांत जाणारा पिंपल काढतो, तीळ, व्रण, तारा ठेवतो. पण आईबाप हे पोरांच्या तोंडावर का विचारतात मला कळत नाही, त्यानंतरच्या एकाही फ्रेममध्ये ती मोकळी नाही.

सगळे गाडीत बसले, ती दोरी राहिली म्हणून परत आली. म्हणाली, "काका, तो दारासमोरचा फोटो काढून टाकाल का? मला कोणी विचारलंच नव्हतं." वर्गातला एक पोरगा पासपोर्ट फोटोला आला होता, त्यानं मोबाइलवर त्या कॅनव्हासचा फोटो घेऊन वर्गाच्या ग्रुपवर टाकला, तेव्हापासून तिला रडका बैल म्हणतात.

रात्रीच उतरवला. पेजवरूनही काढला, पण लोकांनी सेव्ह केलेला कुठून काढू?

दोन दिवसांनी आईचा फोन. "काऊन काढला? परवानगी आम्ही दिली होती न, किती गोड आहे तो." खरंच दिली होती. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही 18 च्या खालचं मूलच, संमती पालकांची. मी पोरीचं नाव सांगितलं नाही, जुना झाला होता म्हणालो. खोटं बोललो ते अजून खुपून राहिलं आहे, अन् खरं सांगितलं असतं तर तिला घरी काय ऐकावं लागलं असतं तेही कळत नाही.

भिंतीवर अजून सहा पोरं आहेत. एकेकाला विचारायला घेतलं. पहिली म्हणाली राहू द्या. दुसऱ्याचा फोन आईनंच उचलला, "त्याला काय विचारायचं, लहान आहे तो." तो 16 चा आहे. फोन त्याच्या हातात द्या म्हणायला मला जमलं नाही, उद्या पुन्हा लावतो.