तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांना कार्लिऑनला का नेतो

कार्डिफला आमच्याकडे पुण्याहून कुणीही आलं की मी त्यांना आधी कार्लिऑनला, तिथल्या रोमन लष्करी तळाचे अवशेष दाखवायला नेतो, आणि परत येताना गाडीत प्रश्न ठरलेला, अहो लंडन सोडून हे काय दाखवलंत, गवत आणि गुडघाभर भिंती? तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगतो.

इ.स. 75 च्या सुमारास रोमनांच्या दुसऱ्या ऑगस्टा लीजनने, म्हणजे सैन्यदलाने, वेल्समध्ये अस्क नदीकाठी, आताच्या कार्लिऑनच्या जागी कायमचा तळ टाकला, नाव इस्का, नदीवरूनच. पाच-साडेपाच हजार माणसं, आधी लाकडी बांधकाम मग दगडी, आणि दोनशेहून जास्त वर्षं मुक्काम. आता त्याच जागेवर अख्खं गाव वसलंय.

सगळे ॲम्फिथिएटरचे, म्हणजे तिथल्या गोलाकार उघड्या प्रेक्षागाराचे फोटो काढतात, आहेच ते भव्य, सहाएक हजार लोक बसायचे. पण मला ओढ बॅरेकची. पाहुण्यांना तिथे एका खोलीच्या पायाशी उभं करतो आणि सांगतो, इथे आठ जण राहायचे, एका खोलीत शस्त्रं-सामान, दुसरीत झोप, अशा जोडखोल्यांची रांगच्या रांग आणि टोकाला सेंच्युरियनचं, म्हणजे त्यांच्या तुकडीच्या नायकाचं ऐसपैस घर. शेजारी तटाला लागून भट्ट्या, कोपऱ्यात सगळ्यांचं मिळून एक शौचालय. एवढं ऐकलं की लोक त्या गुडघाभर भिंती जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतात, मी स्वतः अनुभवलंय.

आणि ते स्नानगृह! त्याच्या गटारात अंगठ्यांमधले 88 कोरीव खडे सापडलेत, गरम वाफेने डिंक सुटायचा आणि खडा पाण्याबरोबर वाहून जायचा. कपडे घालताना बोटाकडे लक्ष गेलं असेल तेव्हा त्या माणसाला किती चुटपुट लागली असेल.

पुणेकरांना अजून एक आवर्जून सांगतो. हे ॲम्फिथिएटर 1926-27 मध्ये खणलं, पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर तोवर लंडनला नोकरीवर गेलेले, त्यामुळे प्रत्यक्ष कामाचा भार बहुतेक त्यांच्या पत्नी टेसा व्हीलर यांनीच उचलला, त्यांचं नाव घेतलंच पाहिजे. पुढे याच दांपत्याच्या इंग्लंडमधल्या मेडन कासल या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात आपले पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया शिकले, आणि तेच नंतर डेक्कन कॉलेजात आले. म्हणजे आपल्याकडच्या उत्खननाच्या शिस्तीचा एक धागा इथल्या मातीपर्यंत येतो.

पण खरं सांगू का, मला परत परत इथे आणतो तो एक थडग्याचा दगड, कार्लिऑनजवळच सापडलेला. तादिया वल्लाउनियस, वय 65, आणि तिचा मुलगा, वय 37, जर्मनीच्या मोहिमेत मरण पावलेला. दगड उभारला मुलीने, तादिया एक्झुपेराताने, आई आणि भावासाठी. आणि कुठे उभारला तेही तिने त्यावर कोरून घेतलंय, वडिलांच्या थडग्याशेजारी.